जीपचे बुश : ग्रीसपासून रबरापर्यंत

१९४१ साली अमेरिकन लष्करासाठी विलिस कंपनीची जीप कारखान्यातून बाहेर पडू लागली. तिचा सगळा भार पोलादी पाट्यांवर. हे पाटे सांगाड्याला जोडणाऱ्या शॅकलमध्ये आटे पाडलेले धातूचे बुश असत. धातूवर धातू फिरायचा, तेव्हा त्याला वरचेवर ग्रीस पाजणे आलेच. विसरलात की बुश झिजला, आणि खड्ड्याखड्ड्याला गाडी खडखडू लागली! शिवाय काही शॅकलना उलटे आटे. हे ठाऊक नसलेला माणूस पाना ओढून ओढून थके आणि जोड अधिकच घट्ट होई.

१९४८ साली इंग्लंडात लँड रोव्हर आली. तिच्या पाट्यांना दोन पोलादी नळ्यांच्यामध्ये रबर ठासून बसवलेले बुश होते. इथे काही घासतच नाही. रबर स्वतः पीळ खाते आणि पुन्हा सरळ होते. ग्रीसची कटकट मिटली.

पण घरी बुश बदलणाऱ्याचे काम मात्र नाजूक झाले. गाडी उचलून सांगाड्याखाली भक्कम टेकू दिले, म्हणजे पाटा खाली लोंबतो. नवा बुश बसवला की हात शिवशिवतात, नट लगेच आवळून टाकावा! तसे करू नये. गाडी जमिनीवर येताच रबराला कायमचा पीळ बसतो आणि ते लवकर फाटते. म्हणून नट सैलसर लावावा, गाडी चाकांवर उतरवावी, थोडी पुढेमागे हलवावी आणि मगच पक्का आवळावा. जुना बुश वारंवार सेवा मागे. रबरी बुश ती एकदाच मागतो, बसवतानाच.