बहादूर कुठे गेला? सुपरपॉवर नसलेल्या टीम लीडरची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोललो तसंच ठेवलंय, फक्त मधले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' जरा कमी केलेत.

आधी एक प्रश्न. सुपरहिरोंच्या टीममध्ये तुमचा आवडता कोण? एक्स-मेन म्हटलं की दहातले नऊ जण वुल्व्हरिन म्हणतील. पण त्या टीमचा लीडर कोण होता? सायक्लॉप्स. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी १९६३मध्ये एक्स-मेन सुरू केलं, तेव्हापासून कमान त्याच्याकडे होती. २०००मध्ये सिनेमा आला आणि सगळी हवा वुल्व्हरिनने खाल्ली. २००६च्या तिसऱ्या सिनेमात तर सायक्लॉप्सला सुरुवातीलाच मारून टाकलं.

असं का होतं? कारण लीडरचं काम पडद्यावर कंटाळवाणं दिसतं. कोणाला कुठे उभं करायचं, कोणाला मागे थांबवायचं, भांडणं कशी मिटवायची. ऑफिसात रोज सकाळी कामं वाटणाऱ्या माणसावर कोणी सिनेमा काढत नाही ना, तसंच हे.

आता आपल्याकडे या. आपल्याकडेही असा एक लीडर होता. अंगात कुर्ता आणि जीन्स, केप नाही, मास्क नाही, सुपरपॉवर तर अजिबात नाही. नाव बहादूर. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या जन्माआधीच तो गेला. पण घरात पन्नाशी ओलांडलेलं कोणी असेल तर नुसतं नाव घेऊन बघा, चेहरा बदलतो की नाही ते.

इंद्रजालचं घर

मार्च १९६४मध्ये मुंबईत टाइम्स ऑफ इंडियाच्या कंपनीने इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं. पुढे अमर चित्र कथा काढणारे अनंत पै सुरुवातीला याच कामात होते. इंद्रजालचा पहिला हिरो ली फॉकचा फँटम, म्हणजे मराठी वाचकांचा वेताळ. मग जादूगार मँड्रेक आला, फ्लॅश गॉर्डन आला. आधी महिन्याला एक अंक, नंतर पंधरवड्याला, आणि मग चक्क आठवड्याला. इंग्रजी, हिंदी, मराठी, बंगाली अशा किती तरी भाषांत. तेव्हा असे अंक स्टेशनवरच्या स्टॉलवर मिळायचे. मे महिन्याच्या सुट्टीत तेच अंक भाड्याने फिरायचे आणि शेवटी रद्दीवाल्याकडे पोचायचे.

एकच अडचण होती. हे सगळे हिरो परदेशी. वेताळ राहायचा आफ्रिकेतल्या काल्पनिक जंगलात. तिथले लोक त्याला देव मानायचे आणि गोरा माणूस येऊन त्यांना वाचवायचा. लहानपणी हे खटकत नाही, मोठेपणी चांगलंच खटकतं.

डिसेंबर १९७६मध्ये आबिद सुरती यांनी बहादूर आणला. सुरती मुंबईचेच म्हणायला हरकत नाही. लेखक, चित्रकार, 'धर्मयुग'मधल्या ढब्बूजीचे बाप. बहादूरची चित्रं काढली गोविंद ब्राह्मणिया यांनी.

डाकूचा मुलगा

गोष्ट अशी. चंबळकडच्या जयगढमध्ये भैरवसिंग नावाचा डाकू पोलिसांच्या गोळीने मरतो. त्याच्या मुलाला बदला घ्यायचाय. पण ज्या पोलीस अधिकाऱ्याने बापाला मारलं, तो विशालच त्या पोराला सांभाळतो. बापाने लोकांचं काय केलं हे पोराला हळूहळू समजतं. मोठा झाल्यावर तो पोलिसात जात नाही, बंदूक घेऊन एकटा जंगलातही शिरत नाही. तो गावातल्या लोकांना गोळा करतो आणि नागरिक सुरक्षा दल उभं करतो. सोबतीला बेला, आणि ती काही शोभेची बाहुली नाही, लढाईत पुढे असते.

आता ही वेळ बघा. एप्रिल १९७२मध्ये जयप्रकाश नारायण यांच्या पुढाकाराने चंबळच्या शेकडो डाकूंनी शस्त्रं खाली ठेवली होती. म्हणजे डाकूही बदलू शकतो हे लोकांनी पेपरात वाचलं होतं. ऑगस्ट १९७५मध्ये 'शोले' आला. 'शोले'त रामगढ वाचवायला ठाकूर काय करतो? दोन भुरट्या गुन्हेगारांना पैसे देऊन आणतो. गावकरी बहुतेक वेळ बाजूला उभे राहून बघतात. बहादूरचं उत्तर याच्या बरोबर उलट होतं: भाड्याने माणसं आणू नका, गावच उभं करा.

आणि तिसरी गोष्ट. डिसेंबर १९७६ म्हणजे देशात आणीबाणी चालू होती. नागरिकांचे हक्क गुंडाळून ठेवलेले, आणि नेमका तेव्हाच मुलांच्या कॉमिकमध्ये 'नागरिक' हा शब्द नावात असलेलं दल जन्माला आलं. सुरतींनी हे मुद्दाम केलं असा माझा दावा नाही. पण तारखा शेजारी-शेजारी ठेवल्या की विचार येतोच.

बहादूर लोकांना का आवडला, याचं माझं उत्तर साधं आहे. वेताळ होता येत नाही, त्याला चारशे वर्षांची घराण्याची परंपरा लागते. मँड्रेक होता येत नाही, त्याला जादू लागते. बहादूर मात्र होता येतं. निदान त्याच्या दलात तरी नक्कीच भरती होता येतं. आपला फास्टर फेणेसुद्धा बिनपॉवरचाच, पण तो एकटा घुसतो. बहादूर आधी विचारतो, सोबत कोण कोण येतंय?

उतार

मग तो गेला कुठे? एका कारणाने नाही गेला.

पहिलं कारण म्हणजे शत्रूच बदलला. ऐंशीच्या दशकात चंबळचा दरारा ओसरत गेला. फेब्रुवारी १९८३मध्ये फूलनदेवीनेही शस्त्रं ठेवली. बहादूरच्या कथा शहराकडे वळल्या, लेखकही बदलले. पण गावाचं दल शहरात नेलं की त्याचं काम काय, हा प्रश्न उरतोच. शहरात पोलीस आहेत, फोन आहेत, आणि शेजारी कोण राहतो हे कोणाला माहीत नाही.

दुसरं म्हणजे टीव्ही. जानेवारी १९८७मध्ये 'रामायण' सुरू झालं आणि रविवार सकाळ कॉमिक्सच्या हातून गेली.

तिसरं म्हणजे स्पर्धा. राज कॉमिक्सने १९८६मध्ये नागराज आणला आणि पाठोपाठ सुपर कमांडो ध्रुव. गंमत म्हणजे ध्रुवलाही सुपरपॉवर नाही आणि तोही कमांडो फोर्स उभारतो. म्हणजे बहादूरची कल्पना मेली नाही, घर बदलून हिंदीत राहायला गेली.

चौथं कारण सगळ्यात सरळ. १९९०मध्ये, आठशेहून जास्त अंक काढून, इंद्रजाल बंद झालं. वेताळला फरक पडला नाही, तो जगभर छापला जात होता. बहादूरचा मात्र एकच पत्ता होता. आमच्या भाषेत सांगायचं तर एकच सर्व्हर, बॅकअप नाही. सर्व्हर बंद, विषय बंद. पुढे १९९७मध्ये 'शक्तिमान' आला: एकटा, गरगर फिरणारा, योगाने शक्ती मिळालेला. आपली पिढी त्याच्यावर वाढली. संकट आलं की बोट वर करून फिरणारा कोणीतरी येईल, हे आपण तिथे शिकलो. दल उभं करायचं असतं, हे शिकवणारा तोवर रद्दीत गेला होता.

मग उरलं काय?

उरलं ते मला जास्त भारी वाटतं. २००७मध्ये आबिद सुरती मीरा रोडला राहत होते, वय सत्तरीच्या पुढे. त्यांनी 'ड्रॉप डेड' नावाचं काम सुरू केलं. दर रविवारी ते स्वतः, एक प्लंबर आणि एक कार्यकर्ती अशी टीम एखाद्या सोसायटीत जायची, घरोघरी बेल वाजवायची आणि गळणारे नळ फुकट दुरुस्त करून द्यायची. बस, एवढंच. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला ८६,४०० थेंब. एका मिलीलीटरला साधारण वीस थेंब धरले तरी एका नळातून रोज चार लिटरहून जास्त पाणी जातं. आता एका इमारतीतले नळ मोजा. बहादूरच्या बापाने म्हातारपणी नागरिक सुरक्षा दलच काढलं की! फक्त डाकूंच्या जागी वॉशर आले.

हे आपल्याला जवळचं आहे. बारवी धरण बदलापूरच्या जवळ आहे, उल्हास नदी दारातून वाहते, तरी उन्हाळ्यात पाणीकपात आणि टँकर आपल्याला नवीन नाहीत.

आणि दलाची परंपराही आपल्याला नवीन नाही. उल्हासनगर वसलंच फाळणीनंतर लष्करी छावणीच्या बराकींत. सगळं सोडून आलेल्या सिंधी कुटुंबांनी तिथूनच बाजार आणि कारखाने उभे केले. ऑगस्ट १९४९मध्ये शहराला नाव मिळालं, पण पत्ता सांगताना आपण आजही 'कॅम्प नंबर चार'च म्हणतो. २७ जुलै २०१९ आठवतो? बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली होती. हजाराहून जास्त प्रवासी होते. एनडीआरएफच्या बोटी आल्या, नौदल आलं, आणि आजूबाजूच्या गावांतले लोकही मदतीला धावले. त्या गावकऱ्यांची नावं तुम्हाला माहीत आहेत? मलाही नाहीत. टीमचं हे असंच असतं. काम होतं, पोस्टर होत नाही.

म्हणून मला वाटतं, बहादूर संपला तो वाईट लिहिला म्हणून नाही. त्याला वाचकाकडून काहीतरी हवं होतं. वेताळला फक्त आपली टाळी हवी असते, बहादूरला आपला रविवार हवा होता. टाळी सोपी असते हो.

तर या आठवड्याचं काम. घरच्या माळ्यावर मराठी इंद्रजालचे जुने अंक असतील तर रद्दीत देऊ नका. फोटो काढा, आम्हाला व्हॉइस नोट पाठवा आणि कोणी वाचले होते ते सांगा. आणि सोसायटीच्या टाकीचा कॉक गळत असेल तर सेक्रेटरीची वाट बघत बसू नका. दोघं-तिघं मिळून प्लंबरला बोलवा. भेटू पुढच्या भागात.