०.० ते १०.० : नव्या अल्बमचा निकाल कोण लावतं?

शुक्रवारी नवा अल्बम येतो आणि शनिवारी सकाळपर्यंत त्याचा निकालही लागलेला असतो. ‘मास्टरपीस’, ‘ओव्हरहाइप्ड’ किंवा सरळ ‘स्किप’. अल्बम तासाभराचा, पण मत दहा मिनिटांत तयार! आजच्या भागात मी याच पहिल्या मतांचा इतिहास सांगणार आहे. एखाद्याच्या मतामुळे खरंच काही बिघडतं का? कधी अजिबात नाही, आणि कधी कुणाचं तरी करिअरच थांबतं. हा फरक कुठून येतो, ते बघू.

सुरुवात जून १९६७ पासून. बीटल्सचा ‘सार्जंट पेपर’ नुकताच बाजारात आला होता. लंडनच्या स्टुडिओत चार-पाच महिने खपून केलेला अल्बम. जिकडे तिकडे कौतुक चाललेलं. आणि १८ जूनच्या न्यूयॉर्क टाइम्समध्ये रिचर्ड गोल्डस्टीन नावाच्या एका तरुण समीक्षकानं लिहिलं की हा अल्बम लाडावलेल्या पोरासारखा आहे. एको, वाद्यवृंद, आवाजांच्या करामती, सजावट भरपूर. पण त्याखाली गाणी कच्ची राहिलीत. शेवटचं गाणं मात्र त्यानं मनापासून वाखाणलं होतं.

वाचक खवळले. पेपरकडे पत्रांचा पाऊस पडला. गोल्डस्टीननं पुढे ‘व्हिलेज व्हॉइस’ या साप्ताहिकात आपली बाजू मांडली, पण मत फिरवलं नाही. बऱ्याच वर्षांनी त्यानं सांगितलं, की ऐकताना आपला स्टिरिओच नीट चालत नव्हता!

आता ऐका. त्या लेखानं बीटल्सचं काय नुकसान झालं? काहीच नाही. पुढच्या वर्षी त्याच अल्बमला ग्रॅमीत ‘अल्बम ऑफ द इयर’ मिळालं. पण म्हणून गोल्डस्टीन वेडा ठरतो का? मला नाही वाटत. सजावट जास्त आणि गाणं कमी, ही तक्रार आजही त्या अल्बमबद्दल अधूनमधून ऐकू येते. त्यानं कारण दिलं होतं, म्हणून त्याच्याशी भांडता आलं. वाचकांनी पत्रं लिहिली, त्यानं उत्तर दिलं. म्हणजे संवाद झाला.

दोन वर्षांनी, १९६९ मध्ये, त्याच ‘व्हिलेज व्हॉइस’मध्ये रॉबर्ट क्रिस्टगाऊ यानं ‘कन्झ्युमर गाइड’ सुरू केलं. कल्पना साधी : बाजारात रेकॉर्ड ढिगानं येतायत, पोरांच्या खिशात पैसे कमी, मग शाळेसारखी ग्रेड द्यायची. ए, बी, सी... आणि सोबत दोन-चार टोकदार वाक्यं. लू रीड या गायकाला हे इतकं झोंबलं, की १९७८ च्या लाइव्ह अल्बममध्ये त्यानं स्टेजवरूनच क्रिस्टगाऊला नाव घेऊन शिव्या घातल्या. क्रिस्टगाऊनं काय करावं? त्या अल्बमला सी प्लस दिलं आणि नावाचा उच्चार बरोबर केल्याबद्दल आभार मानले!

पण इथे एक गोष्ट बदलली. वाक्यांच्या शेजारी खूण आली. आणि घाईत असलेला माणूस आधी खूण बघतो.

ही खूण सगळ्यात ताकदवान झाली इंटरनेटवर. रायन श्रायबर या रेकॉर्डच्या दुकानात काम केलेल्या तरुणानं नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मिनिआपोलिसमध्ये ‘पिचफोर्क’ ही वेबसाइट सुरू केली. मार्क ०.० पासून १०.० पर्यंत. दशांश चिन्हासकट!

२००४ च्या सप्टेंबरमध्ये काय झालं बघा. आर्केड फायर या नवख्या बँडच्या ‘फ्युनरल’ला ९.७ मिळाले. छोट्या कंपनीकडचा अल्बम, बघता बघता स्टॉक संपला. त्याच महिन्यात ट्रॅव्हिस मॉरिसनचा पहिला सोलो अल्बम ‘ट्रॅव्हिस्टान’ आला. याच माणसाच्या आधीच्या बँडला या साइटनं डोक्यावर घेतलं होतं. आता मिळाले ०.०. एका दुकानानं तर अल्बम ठेवायलाच नकार दिला. मैफिलीत लोक त्याच्याकडे वेगळ्याच नजरेनं बघायला लागले. बीटल्सच्या पाठीशी जग होतं. मॉरिसनच्या पाठीशी कुणी नव्हतं.

गंमत म्हणजे आकडा दगडावरची रेघ नव्हताच. २०२१ मध्ये पिचफोर्कनं स्वतःच काही जुन्या अल्बमचे मार्क बदलले. लिझ फेअरच्या २००३ च्या अल्बमला तेव्हा ०.० होते, त्याचे झाले ६.०. अठरा वर्षांनी! अल्बम तोच, सूर तेच. ऐकणारे बदलले होते.

आपल्याकडे याहून मोठी गोष्ट घडून गेलीय. १९५२ मध्ये बाळकृष्ण केसकर हा मराठी माणूस नभोवाणी मंत्री झाला. शास्त्रीय संगीताचा जाणकार. सिनेमाची गाणी हलक्या दर्जाची, असं त्यांचं मत. ठीक आहे, मत असावं. पण त्यांच्या हातात आकाशवाणी होती! रेडिओवर फिल्मी गाण्यांना जवळजवळ दारच बंद झालं. लोकांनी काय केलं? सुई फिरवून रेडिओ सिलोन लावला. त्याच वर्षअखेरीस तिथे ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि अमीन सयानींचा आवाज घराघरात पोचला. शेवटी १९५७ मध्ये आकाशवाणीलाच विविध भारती सुरू करावी लागली.

गीतमालेत गाण्यांना नंबर होते, पण ते विक्रीवरून आणि श्रोत्यांच्या पसंतीवरून. म्हणजे कुठलं गाणं किती जणांना आवडतं, ते कळायचं. का आवडतं, ते नाही.

आणि आज आपण पुन्हा तिथेच आलोय. जानेवारी २०२४ मध्ये पिचफोर्क ‘जीक्यू’ या पुरुषांच्या मासिकात विलीन केलं गेलं, बऱ्याच जणांच्या नोकऱ्या गेल्या. मॉरिसनची गोष्ट सांगितल्यावर मला खरं तर आनंद व्हायला हवा होता. नाही झाला. कारण ती जागा चांगल्या श्रोत्यानं भरली नाही, मोजणीनं भरली. स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद वाजलं की एक ‘स्ट्रीम’ धरला जातो. एकोणतिसाव्या सेकंदाला तुम्ही पुढे गेलात, तर ते मोजलंच जात नाही. तुम्ही का थांबला नाहीत, ते कुणी विचारत नाही. ०.० देणाऱ्यानं निदान अल्बम पूर्ण ऐकला होता आणि खाली लेख लिहिला होता.

म्हणून माझं म्हणणं एवढंच : समीक्षकानं चुकावं, खुशाल चुकावं, पण कारण देऊन चुकावं. आणि आपणही तेच करावं. या शुक्रवारी जो अल्बम येईल तो एकदा सलग ऐका. मग तीन वाक्यं लिहा, एकही मार्क न देता. एका गाण्याचं नाव घ्या, त्यात नेमकं काय जमलं किंवा फसलं ते सांगा. मला पाठवा. पुढच्या भागात वाचून दाखवीन, आणि पटलं नाही तर तुमच्याशी भांडेनही. भेटू!