'अलबेला'तला ट्रम्पेट

'अलबेला' (१९५१) म्हटलं, की भगवानदादांची पावलं आणि सी. रामचंद्रांच्या चाली आठवतात. त्या चित्रपटात पडद्यावर ट्रम्पेट घेऊन दिसतात ते चिक चॉकलेट. म्हणजे गोव्यातल्या हळदोण्याचे अंतोनियो झेवियर वाझ. रामचंद्रांचे ते साहाय्यकही होते.

पूर्वी ट्रम्पेट म्हणजे नुसती वळवलेली नळी. ओठ आणि फुंक यांच्या जोरावर मोजकेच स्वर निघत. १८१८ मध्ये बर्लिनला झडपेचं पेटंट घेतलं गेलं आणि पुढे तीन दट्ट्यांवर बाराही स्वर आले. रणातलं वाद्य नाचगाण्यात रमलं. मात्र ते निगा मागतं. दट्ट्यांना तेल हवं, नळीत साठलेलं पाणी काढायला हवं आणि रियाज रोजचा. चार दिवस खंड पडला, की ओठ ऐकत नाहीत.

गोव्यात चर्चच्या शाळांत मुलं स्वरलिपी वाचायला शिकत. तीच विद्या घेऊन कितीतरी वादक मुंबईला आले. हॉटेलांत जॅझ वाजवला, स्टुडिओत चित्रपटगीतं. तबकडीवर नाव मात्र गायकाचं आणि संगीतकाराचं, वादकाचं क्वचितच.

वाझ १९६७ मध्ये गेले. गाणी अजून लागतात. पुढच्या वेळी दोन ओळींमधल्या सुरावटीकडेही कान द्या. तिथे कुणीतरी आपला श्वास ओतला आहे.