तळटीप : डॉ. बाबा आढाव आणि नामांतराचा संघर्ष
डॉ. बाबा आढाव (१९३०-२०२५) हे पुण्यातील नाना पेठेत दवाखाना चालवणारे आयुर्वेदाचे डॉक्टर. पेशंट म्हणून येणाऱ्या हमालांची दुखणी पाठीवरच्या ओझ्याशी बांधलेली होती. त्यातून हमाल पंचायत उभी राहिली आणि पुढे वैद्यकी मागे पडली. १९७० नंतर 'एक गाव, एक पाणवठा' मोहिमेसाठी त्यांनी गावोगावी फिरून सार्वजनिक विहिरी दलितांना खुल्या आहेत का, हे पाहिले.

या कामाचे महत्त्व मराठवाड्यातील घटनांनी दाखवून दिले. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. याच शहरात आंबेडकरांनी १९५० साली महाविद्यालय काढले होते, त्यामुळे मागणी स्वाभाविक होती. ठरावानंतर मात्र दलित वस्त्या जाळल्या गेल्या, माणसे मारली गेली, कुटुंबे गाव सोडून गेली. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे त्यांत बळी पडले. नावाचा वाद हे निमित्त होते. मुळाशी जमीन, मजुरी, पाणी आणि शिकलेल्या दलित तरुणांविषयीचा आकस होता. आढावांनी नामांतराची बाजू उघडपणे घेतली, आणि सवर्ण समाजात जन्मलेल्या कार्यकर्त्याने तेव्हा तसे करणे सोपे नव्हते.

१४ जानेवारी १९९४ रोजी 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' असा नामविस्तार झाला. त्याच वर्षी नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झाले.