हाली नोटेची पारख

आमच्या संघटनेतील एका हमाल बांधवाने आजीच्या पेटीत सापडलेली एक नोट आम्हांस आणून दाखविली. "दादा, हिचं काय येईल?" एका गिऱ्हाइकाने पन्नास रुपये देऊ केले होते. आम्ही त्यास थांबविले आणि नोट वाचावयास बसलो.

उर्दूबरोबर मराठी, तेलुगू व कानडीतही मूल्य छापलेले. म्हणजे ही निजामाच्या राज्यातील हाली नोट. आपले हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात, आणि परभणी हैदराबाद संस्थानात. या संस्थानाने १९१८ साली नोटा काढल्या. आधी दहा व शंभराच्या, वर्षभराने एक व पाचाच्या, आणि १९२६ मध्ये हजाराची. फसली साल छापलेले असेल तर त्यात ५९० मिळवावे. एखाद्या वर्षाचा फेर पडतो. साल नसेल तर अर्थमंत्र्याची सही पाहावी. गुलाम मोहम्मद यांची सही १९४० च्या दशकातील. हेच गृहस्थ १९५१ साली पाकिस्तानचे गव्हर्नर जनरल झाले!

घडी, छिद्र, डाग यांनी किंमत उतरते. अपवाद एकच. १९२२ साली 'इजिप्त' नावाची आगबोट फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ बुडाली. तिच्यावर लंडनमध्ये छापलेल्या, सही न झालेल्या हैदराबादी नोटा होत्या. दहा वर्षांनी सोन्याबरोबर त्याही वर काढल्या. त्यांच्यावरील पाण्याच्या डागालाच संग्राहक मोल देतात.

पण आम्हां कामगारांस या नोटेचे दुसरे मोल ठाऊक असावे. सात रुपये हाली म्हणजे सहा रुपये कलदार, असा हिशेब होता. मजुरी कलदारात ठरवून हातावर हाली ठेवले, तर साताला एक रुपया गेलाच. १९४७ च्या अखेरीस निजाम सरकारने भारतीय चलन आपल्या राज्यात बेकायदा ठरविले. पोलीस कारवाईनंतर पारडे फिरले आणि १९५९ पर्यंत हाली व्यवहारातून पूर्णपणे गेले. सावकाराने आपल्या नोटा वेळेत बदलून घेतल्या असतील. पेटीच्या तळाशी राहिली ती अशा आजीची.

नोट एक रुपयाची होती, चार घड्या पडलेली. आमच्या सांगण्यावरून त्याने ती आणखी दोन ठिकाणी दाखविली. चौपट किंमत आली, तेव्हा मात्र त्याने ती विकली नाही.