एका घरात दोन घरे

१९४२ साली गांधीजींना आगाखान राजवाड्यात स्थानबद्ध करणारे व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो १८८७ साली जन्मले, ते स्कॉटलंडातील होपटाउन हाउसमध्ये. एडिंबरोजवळ फोर्थच्या खाडीकाठी हे घर अजून उभे आहे.

होप घराण्याचा पैसा शिशाच्या खाणींचा. १६९९ साली विल्यम ब्रूसने त्यांच्यासाठी आटोपशीर, नेटकी हवेली बांधायला घेतली. वीस-बावीस वर्षांतच धन्याला ती अपुरी वाटू लागली! मग १७२१ पासून विल्यम ॲडमने पूर्वेला भव्य दर्शनी भाग उभारला. दोन्ही अंगांना वळणदार खांबओळी पसरल्या. १७४८ साली तो वारला, उरलेले काम मुलांनी तडीस नेले.

ही सारी ऐट मला जरा फारच वाटते. सुदैवाने जुने घर कोणी पाडले नाही. बागेकडून गेले की ब्रूसची शांत पश्चिम बाजू दिसते, आणि आत त्याचा लाकडी जिना, फळाफुलांच्या कोरीव नक्षीसकट.