खोकरीचा गुरुवार

मुरूडला येणारे बहुतेक लोक राजपुरीच्या धक्क्यावरून होडीत बसतात, जंजिरा पाहतात आणि माघारी फिरतात. राजपुरीच्या जवळच, खाडीच्या बाजूला, खोकरी नावाचे लहानसे खेडे आहे. तिथे दगडी बांधणीचे तीन मकबरे उभे आहेत. एक मोठा, दोन त्याहून लहान. आसपासच्या गावांत त्यांना 'खोकरीचे घुमट' एवढेच म्हणतात. मी पहिल्यांदा गेलो तो भर दुपारी. वाट दाखवणाऱ्या वृद्ध गृहस्थांना विचारले, "चाचा, इथे कोण कोण आहेत?" ते म्हणाले, "किल्ल्यावरचे आहेत साहेब. तीन मोठे आणि त्यांची माणसं."

जंजिऱ्याच्या सिद्दींविषयी आपण मराठी वाचक तटस्थपणे वाचू शकत नाही. शिवाजी महाराजांना, संभाजी महाराजांना आणि पुढे बाजीरावालाही जो किल्ला घेता आला नाही, त्याचे हे मालक. बखरकारांनी त्यांना घरातल्या उंदराची उपमा दिली आणि ती आपल्या मनात बसली. शत्रू म्हणून त्यांचा इतिहास आपल्याकडे भरपूर आहे. घराणे म्हणून तो फारसा कोणी मांडला नाही. खोकरीला तो तीन घुमटांखाली आहे.

लहान घुमटांपैकी एक सिद्दी कासीमचा, म्हणजेच औरंगजेबाने 'याकूतखान' किताब दिला त्या सरदाराचा. दुसरा त्याचा भाऊ खैरियतखान याचा. सर्वांत मोठा घुमट सिरूलखानाचा. याकूतखानानंतर पंचवीसेक वर्षे जंजिरा त्याच्या ताब्यात होता. आपला मकबरा त्याने हयातीतच बांधून घेतला, असे सांगतात. मला तरी ते पटते. इतके मोठे काम दुसऱ्यासाठी हौसेने कोण करतो? पण त्यामुळे गंमत अशी झाली आहे की ज्याने हे नाव मोठे केले तो लहान घुमटाखाली आणि त्याच्या जागेवर आलेला मोठ्याखाली.

इथे 'घराणे' हा शब्द जरा जपून वापरावा लागतो. सिद्दी किंवा हबशी म्हणजे पूर्व आफ्रिकेतून गुलामगिरीच्या आणि दर्यावर्दी व्यापाराच्या वाटेने दख्खनेत आलेली माणसे. जंजिऱ्याची सरदारकी त्या काळी बापाकडून मुलाकडे जात नसे. सरदारांनी मिळून आपल्यातला कर्ता पुरुष निवडायचा, अशी रीत होती. १६७० च्या सुमारास शिवाजी महाराजांच्या वेढ्याला कंटाळून फत्तेखान किल्ला द्यायला निघाला, तेव्हा तीन सरदारांनी त्यालाच कैद केले, आदिलशाही सोडली आणि मोगलांची चाकरी धरली. संबळ, कासीम आणि खैरियत हे ते तिघे. आरमार संबळाकडे, किल्ला कासीमकडे आणि समोरच्या किनाऱ्यावरची दंडा-राजपुरी खैरियतकडे, अशी वाटणी झाली. दंडा-राजपुरी तेव्हा मराठ्यांच्या हाती होती. १६७१ च्या शिमग्याला पहारेकरी सणात असताना कासीम आणि खैरियत यांनी दोन बाजूंनी हल्ला करून ती परत घेतली.

तिघांपैकी खोकरीला दोघेच आहेत. तिसरा, संबळ, इथे नाही आणि त्याचे कारण कागदांत सापडते. १६७७ मध्ये आरमार कासीमच्या हवाली करावे असा बादशाही हुकूम आला, संबळ ऐकेना. मुंबईत दोघांच्या माणसांची मारामारी झाली आणि इंग्रजांना मध्ये पडावे लागले. पुढे संबळाच्या घरची माणसे मराठ्यांच्या बाजूला दिसतात. त्याचा पुतण्या सिद्दी मिस्री संभाजी महाराजांच्या आरमारातून कासीमशीच लढला आणि त्या लढाईतल्या जखमांनी मेला. म्हणजे हबशी एका बाजूला आणि मराठे दुसऱ्या बाजूला, अशी ही सरळ रेघ नव्हती. मिस्री पडला त्याच सुमारास संभाजी महाराजांनी खाडीत भर घालून जंजिऱ्यापर्यंत पोचण्याचा खटाटोप चालवला होता आणि आतून किल्ला लढवत होता खैरियत. कासीमशी इमान राखणारा खैरियत खोकरीला कासीमच्या शेजारी आला. संबळाला तिथे जागा नाही. या दफनभूमीला घराण्याची म्हणायचे, तर ते याच अर्थाने.

माझे खरे काम मात्र याकूतखानाच्या घुमटावरच्या अरबी आलेखाशी होते. मृत्यूचा दिवस त्यात वारासह दिला आहे: गुरुवार, ३० जमादिलावल, हिजरी १११८. कुलाबा आणि जंजिरा यांचे गॅझेटियर १८८३ साली निघाले. त्यात हा दिवस नोंदला आहे आणि पुढे इसवी सन १७०७ लिहिले आहे. पुढच्या कित्येकांनी तेच उतरवून घेतले. मीही घेतले. इतकेच नाही, तर त्यावर एक लेख लिहून मोकळा झालो. औरंगजेब ३ मार्च १७०७ रोजी गेला. धनी आणि चाकर एकाच वर्षी गेले, सिरूलखानाला मान्यता द्यायला धड बादशहाच उरला नाही आणि जंजिऱ्याच्या स्वतंत्र वागणुकीची सुरुवात तिथून झाली, असा माझा सिद्धांत होता. ऐकायला छान होता.

एका पावसाळ्यात सहज म्हणून हिजरी वर्ष मांडून पाहिले. १११८ चा मोहरम १५ एप्रिल १७०६ ला सुरू होतो आणि वर्ष ३ एप्रिल १७०७ ला संपते. म्हणजे या वर्षाचे पहिले साडेआठ महिने १७०६ मध्येच पडतात. जमादिलावल हा पाचवा महिना. त्याची तीस तारीख येते ९ सप्टेंबर १७०६ ला. चंद्रदर्शनावर चालणाऱ्या पंचांगात एखादा दिवस मागेपुढे होऊ शकतो, म्हणून वार काढला. तो निघाला गुरुवार.

वार जुळला म्हणजे दगड खोदणाऱ्याने तारीख नीट विचारून खोदली होती. चुकले ते हिजरीचे इसवी करणारे, आणि ते पडताळून न पाहणारे माझ्यासारखे. याकूतखान गेला तेव्हा औरंगजेब अहमदनगरच्या छावणीत जिवंत होता आणि पुढे सहा महिने जगला. गादीवर नवा सरदार बसवायला आणि त्याला बादशाही मान्यता आणायला तेवढा अवधी पुरेसा आहे. सिरूलखानाची कारकीर्द यादीत १७०७ पासून धरतात, तीही बहुधा याच चुकलेल्या सालामुळे. माझ्या सिद्धांताचा पायाच त्यामुळे गेला.

त्याच गॅझेटियरात आणखी एक नोंद आहे. घुमटांच्या देखभालीसाठी नवाबाने सावली-मिठागर हे गाव लावून दिले होते, उत्पन्न वर्षाला दोन हजार रुपये. दर गुरुवारी इथे कुराणपठण होई आणि सिद्दींचे उरूस पाळले जात. गुरुवारचा याकूतखानाच्या मृत्यूच्या वाराशी संबंध जोडायचा मोह होतो. पण जुमेरातीला कबरीपाशी पठण करण्याची चाल सर्वत्र आहे, तेव्हा तो जोडू नये. १९४८ साली जंजिरा संस्थान विलीन झाले आणि नवाबी गेली.

परवा पुन्हा खोकरीला गेलो होतो. चाचा आता नाहीत. याकूतखानाच्या घुमटाशी थोडा वेळ बसलो. घरी आल्यावर टिपणाच्या कार्डावरचे १७०७ खोडून ९ सप्टेंबर १७०६ असे लिहिले. तो जुना लेख ज्या अंकात छापला होता, त्याची माझ्याकडे एकच प्रत आहे. तिच्या समासातही पेन्सिलीने तेच लिहून ठेवले आहे.